जुन्या लष्करी विमानांच्या पाट्या आणि नंबर: काय वाचायचं, कशावर विश्वास ठेवायचा

विमानाच्या मागच्या अंगावर ठळक अक्षरांत रंगवलेला नंबर हा त्या विमानाच्या ओळखीचा सगळ्यात कच्चा पुरावा असतो. तो रंगाचा असतो आणि रंग कुणीही, कधीही मारू शकतो. तरीही बघणारे आधी तोच वाचतात, फोटो काढतात आणि त्यावरून विमानाचा इतिहास सांगून मोकळे होतात.

बेळगाव भागात या गोष्टी हाताशी येण्याचं प्रमाण इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे. सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलासाठी झाली. आज तिथं भारतीय हवाई दलाचं एअरमन ट्रेनिंग स्कूल आहे. त्यामुळं कॅम्प, सांबरा, निपाणी, खानापूर, चिकोडीकडं एअरफोर्समधून रिटायर झालेल्यांची घरं बरीच, आणि त्यातल्या काहींच्या शोकेसमध्ये एखादी पाटी, घड्याळासारखं एखादं मीटर किंवा पंख्याच्या पात्याचा तुकडा असतो. भंगाराच्या ढिगातही पितळेच्या-अ‍ॅल्युमिनियमच्या पाट्या निघतात. दुसरीकडं हत्तरगीच्या कारखान्यांत आजच्या विमानांचे सुटे भाग बनतात. तिथं काम करणाऱ्याला पार्ट मार्किंग म्हणजे काय हे नव्यानं सांगायला नको. जुन्या विमानांचं तत्त्वही तेच, फक्त डॉट-पीन मशिनऐवजी (ठिपके ठोकून नंबर उमटवणारं यंत्र) हातोडा आणि पंच, म्हणजे अक्षर-आकड्यांचे पोलादी ठसे.

एका विमानाचे किती नंबर?

निदान दोन, बहुतेकदा तीन-चार. पहिला कारखान्याचा. बनवताना सांगाड्याला दिलेला हा क्रमांक विमान कुणाच्याही ताब्यात गेलं तरी बदलत नाही, म्हणून खरी जन्मनोंद हीच. दुसरा हवाई दलाचा किंवा नौदलाचा सीरियल. हा मालकाप्रमाणं बदलतो. तिसरा, विमान मुलकी वापरात आलं असेल तर नागरी नोंदणीचा. भारतात तो व्हीटी या अक्षरांनी सुरू होतो.

उदाहरण म्हणून लिबरेटर बॉम्बर घेऊ. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये केएन ७५१ नंबरचं लिबरेटर आहे. हेच विमान भारतीय हवाई दलात एचई ८०७ होतं आणि १९७४ साली भारतानं ते म्युझियमला भेट दिलं. बनावट अमेरिकन, त्यामुळं अमेरिकेच्या लष्कराचा सीरियल आणखी वेगळा. म्हणजे विमान एक आणि तीन देशांचे तीन नंबर, तिन्ही खरे. गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. चोर्ला घाटानं बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, मग हवाई दलाचं, शेवटी नौदलाचं आयएन ३१५. बाहेर शेवटचा नंबर दिसतो. आधीचे नंबर शोधायचे तर रंगाखाली आणि कागदांत.

आता उलटी बाजू. हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यात ‘परशुराम’ नावाचं डकोटा हे मालवाहू विमान आहे. २०१८ साली ते ब्रिटनमधून उडत भारतात आलं. त्याच्यावर व्हीपी ९०५ लिहिलंय. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान श्रीनगरला नेणाऱ्या डकोटाचा हा नंबर. त्या कामगिरीची आठवण म्हणून तो या विमानावर रंगवला. हा सांगाडा मात्र ब्रिटनमध्ये जी-एएमएसव्ही या नागरी नोंदणीनं उडत होता. यात फसवाफसवी काही नाही, सगळं जाहीर आहे. पण पन्नास वर्षांनी कुणी फक्त शेपटीचा फोटो बघितला, तर तो ‘हेच ते विमान’ असं छातीठोकपणे लिहून बसेल.

सीरियलची रचना

ब्रिटिशांनी १९१२ साली १ पासून सरळ आकडे सुरू केले. दहा हजारांवर गेल्यावर एक अक्षर आणि त्यापुढं आकडे अशी पद्धत आली. १९४० साली ती मालिकाही संपली आणि दोन अक्षरं, तीन आकडे सुरू झाले. केएन ७५१ याच पठडीतला. यात एक मेख आहे. एकूण किती विमानं बनली हे शत्रूला कळू नये म्हणून मधले क्रमांक मुद्दाम मोकळे सोडत. त्यामुळं ‘शेवटचा नंबर वजा पहिला नंबर’ करून उत्पादन मोजायला गेलात तर आकडा फुगतो.

अमेरिकन लष्करी सीरियल वर्षानं सुरू होतो. पण ते वर्ष ऑर्डर ज्या आर्थिक वर्षातल्या पैशांतून निघाली त्याचं, विमान तयार झाल्याचं नव्हे. ४४ नं सुरू होणारं विमान १९४५ मध्ये कारखान्याबाहेर पडलेलं असू शकतं. शिवाय शेपटीवर रंगवताना वर्षाचा पहिला आकडा गाळत. ४४-७६४८८ चं शेपटीवर ४७६४८८ होतं. दशक तुम्हाला इतर पुराव्यावरून ठरवावं लागतं.

भारतीय हवाई दलात स्वातंत्र्यानंतर एचने सुरू होणाऱ्या अक्षरजोड्या आल्या, पुढं विमानाच्या जातीनुसार जोड्या पडल्या. हंटरला बीए, मारुतला बीडी, नॅटला आयई, कॅनबेराला आयएफ, मिस्टेरला आयए, तूफानीला आयसी. मिग-२१ च्या एकआसनी विमानांना नुसतं सी. एवढं पाठ असलं तरी चौकात मांडून ठेवलेल्या विमानाची जात लांबूनच सांगता येते, आणि नंबर व विमान जुळत नसेल तर लगेच शंका घेता येते. हंटरच्या अंगावर आयई दिसलं तर रंगाऱ्यानं घोळ घातलाय. ब्रिटिशांनी सीरियलमध्ये आय आणि ओ ही अक्षरं टाळली, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. भारतीय मालिकेत आय आहे. पुसट पाटीवर उभी रेघ दिसली की ती अक्षर आहे की आकडा, हे जागेवरून ठरवायचं: पहिल्या दोन घरांत असेल तर बहुधा अक्षर.

ब्रिटिश पद्धतीत धडावरचा सीरियल साधारण ८ इंच उंच. छोट्या जागेत ४ इंचीही सापडतो. भारतानं पद्धत तिथूनच घेतली, त्यामुळं जुन्या फोटोतल्या अक्षरांच्या उंचीवरून बाकीची मापं काढता येतात.

पाटीवर काय असतं

उत्पादकाची मूळ पाटी सहसा कॉकपिटमध्ये, इंजिनामागच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीजवळ किंवा चाकाच्या कप्प्यात असते. जाडी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. अ‍ॅल्युमिनियम, पितळ किंवा स्टेनलेस. मजकूर दोन प्रकारचा. कंपनीचं नाव, ‘टाइप’, ‘सीरियल’, ‘कॉन्ट्रॅक्ट’, ‘डेट’ असे छापील रकाने आम्लानं कोरून त्यात काळा किंवा लाल रंग भरलेला असतो. रकान्यांतली माहिती मात्र त्या-त्या विमानासाठी हातानं ठोकलेली.

इथं उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, पंच चालवलेल्या माणसाला जे दिसतं ते पुस्तकी अभ्यासकाला चटकन दिसत नाही. आकड्यांच्या पंचाच्या डबीत दहा नव्हे, नऊ पंच असतात. ६ उलटा धरला की ९. त्यामुळं जुन्या पाटीवर ६ आणि ९ चं वळण तंतोतंत सारखं हवं. अक्षरांच्या डबीतला ओ आणि आकड्यांतला शून्य पुष्कळदा अदलाबदल करून वापरलेले दिसतात. हातानं ठोकलेली ओळ कधी नाकासमोर सरळ नसते: एखादा आकडा खोल, एखादा तिरका, एखाद्याच्या एकाच बाजूला जास्त दाब. तुटलेल्या कोपऱ्याचा पंच असेल तर तीच खोड त्या आकड्याच्या प्रत्येक ठशात दिसते. सगळे आकडे एकाच खोलीचे, एकाच अंतरावर आणि कडा करकरीत असतील तर ती पाटी लेझरवर किंवा सीएनसीवर अलीकडं बनली आहे असं समजून पुढं तपासा.

तपासनिसाचा शिक्काही पहा. वर्तुळात किंवा चौकटीत दोन-चार अक्षरं आणि एक नंबर, असा बारीक ठसा. तो पाटीवर असतो, तसाच जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या भागावर. एकाच सांगाड्यावरच्या वेगवेगळ्या भागांवर तेच शिक्के पुन्हा पुन्हा आले, तर ते भाग एकाच कारखान्यातले असण्याची शक्यता वाढते. नकली पाटी बनवणारे नंबर बरोबर घालतात, पण या शिक्क्याकडं लक्ष देत नाहीत.

कारखाना क्रमांकाची पठडी बनवणारा सांगते. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाला सीबीएएफ असेल तर कॅसल ब्रॉमिचचा कारखाना. नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या हार्वर्ड या प्रशिक्षण विमानाचा क्रमांक ८८- असा सुरू होत असेल तर ८८ हा त्या कंत्राटाचा अंतर्गत क्रमांक, खरा अनुक्रम त्यापुढचा. हार्वर्डच्या पाटीवर नूरडाइन हे नाव दिसलं तर विमान कॅनडात बनलंय. हंटरचे बरेच क्रमांक ४१एच नं सुरू होतात. काही डकोटांना तर कारखान्याचेच दोन क्रमांक आहेत, कारण ती बनवणाऱ्या डग्लस कंपनीनं मध्येच क्रमांकनाची पद्धत बदलली. पाटीवर एक आणि यादीत दुसरा दिसला म्हणून पाटी खोटी ठरत नाही.

हातातली पाटी विमानाची नाहीच

भंगारात किंवा जुन्या ट्रंकेत मिळालेल्या दहा पाट्यांपैकी बहुतेक विमानाच्या नसतात. त्या इंजिनाच्या, पंपाच्या, जनरेटरच्या किंवा मीटरच्या असतात. यावर ‘सीरियल नंबर’ असतो म्हणून माणूस फसतो.

ब्रिटिश सामानावर ‘रेफ. नं.’ किंवा ‘स्टोअर्स रेफ.’ असं असेल तर तिरक्या रेघेच्या आधीचा भाग वाचा. ६ए म्हणजे विमानातली मीटरं, ५सी म्हणजे विजेच्या जोडणीचं सामान, १०डी वायरलेस, १४ए कॅमेऱ्याचं, २२सी वैमानिकाचे कपडे, हेल्मेट वगैरे. ‘६ए/’ असलेली पाटी वेगमापकाची किंवा उंचीमापकाची असेल. ते मीटर स्पिटफायरमध्येही बसत असे आणि टायगर मॉथमध्येही. त्यावरून विमान ठरत नाही.

नंतरच्या काळातल्या सामानावर तेरा आकडी साठा क्रमांक असतो, ४-२-३-४ अशा गटांत. पहिले चार वस्तूचा वर्ग सांगतात: १५६० म्हणजे सांगाड्याचे भाग, १६३० चाकं आणि ब्रेक, ६६१० उड्डाणाची मीटरं. पुढचे दोन देशाचे. ब्रिटनला ९९, अमेरिकेला ०० किंवा ०१, भारताला ७२. हा क्रमांक वस्तूच्या प्रकाराचा. त्या प्रकारच्या हजार वस्तूंवर तोच क्रमांक असतो, तेव्हा त्यावरून ‘हा भाग अमक्या विमानातला’ असं सांगणाऱ्याला कागद विचारावा.

इंजिनाची पाटी तर विमानाच्या ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी. ठरावीक तासांनी इंजिन उतरवून ओव्हरहॉलला जाई आणि जे तयार असेल ते बसे.

सुट्या भागांचे नंबर

मोठ्या पाटीपेक्षा आतले बारीक नंबर जास्त खरं बोलतात, कारण ते खोटे करण्याइतका वेळ कुणाला नसतो. पण ते वाचायला जपावं लागतं. स्पिटफायरचं उदाहरण घ्या. भागाच्या क्रमांकाची सुरुवात डिझाइनच्या टाइप नंबरनं होते, ३०० म्हणजे मार्क १ (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती), ३६१ म्हणजे मार्क ९. म्हणून ३०० चा भाग सापडला की ‘मार्क १ सापडलं’ अशी हाकाटी होते. प्रत्यक्षात जो भाग बदलायची गरज पडली नाही तो जुन्याच ड्रॉइंगवर पुढच्या मार्कांसाठीही बनत राहिला. मार्क ९ मध्ये ३०० चे भाग असणारच. उलट मार्क १ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांगाड्यात मूळ भाग म्हणून ३६१ चा भाग निघाला तर तो तिथं नंतर आलाय. नियम एवढाच: सर्वांत नवा क्रमांक ‘याच्या आधीचं नाही’ एवढी हद्द दाखवतो, सर्वांत जुना काहीच सिद्ध करत नाही.

जेट विमानांत वेगळी गंमत आहे. हंटर असो वा मिग-२१, इंजिन काढायचं तर मागचं धड सोडवून बाजूला घ्यावं लागतं. स्क्वाड्रनमध्ये घाई असली की एकाचं मागचं धड दुसऱ्याला लागे. चिकोडी भागात ऊस ओढणारा ट्रॅक्टर आणि त्यामागची ट्रॉली यांचे नंबर वेगळे असतात आणि हंगामात ट्रॉल्या बदलत राहतात, तसंच हे. आता भारतीय हंटरचा सीरियल कुठं रंगवलेला असे? मागच्या धडावर. म्हणजे रंगवलेला नंबर नेमका त्याच तुकड्यावर जो सर्वांत जास्त बदलला जाई. हंटरची ओळख ठरवताना पुढचं धड, मधला भाग, मागचं धड आणि दोन्ही पंख यांचे क्रमांक वेगवेगळे नोंदवा. पुढचं धड आणि मधला भाग जुळला तर मोठी गोष्ट झाली. पाचही जुळले तर विमान फारसं उडलेलं नसावं, किंवा कुणीतरी फार शिस्तीचं होतं.

मिग आणि इतर सोव्हिएत बनावटीच्या विमानांत उघडझाप करायच्या झाकणांच्या आतल्या बाजूला पुष्कळदा कारखाना क्रमांकाचे शेवटचे आकडे असतात. झाकण ज्या विमानावर घासून बसवलं त्याच्यावरच नीट बसतं, म्हणून. दहा झाकणं उघडून बघा. सात-आठांवर एकच आकडा निघाला तर तो सांगाड्याचा. दोन-तीन झाकणं पाहुणी असतातच.

मिसळलेले नंबर म्हणजे लबाडी असं मात्र समजू नका. भारताची लिबरेटर विमानं हे त्याचं उत्तम उदाहरण. महायुद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेल्या, मुद्दाम नासधूस केलेल्या विमानांतून हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी उडण्याजोगी विमानं उभी केली, ती बंगळूरला उडवत नेली आणि हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. अशा विमानात चार विमानांचे क्रमांक निघाले तर तोच त्याचा खरा इतिहास.

बोल्टसुद्धा साक्ष देतात. अमेरिकन बोल्टच्या डोक्यावर फुली असेल तर पोलाद, दोन रेघा असतील तर अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू, एक रेघ असेल तर न गंजणारं पोलाद. ब्रिटिश विमानात बीए आणि बीएसएफ आट्या, अमेरिकनमध्ये यूएनएफ, सोव्हिएतमध्ये मेट्रिक. थ्रेड गेज लावलं की दोन मिनिटांत कळतं की बोल्ट मूळचा की चौकात बसवताना आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला.

पाटी वाचायची कशी

पहिला नियम: आधी फोटो, मग हात. पाटी विमानावर असेल तर ती काढूच नका. रिव्हेट उडवला की पाटी आणि विमान यांचा संबंध तुटतो, आणि पुन्हा बसवलेली पाटी कायम संशयित राहते. जुने रिव्हेट, त्यांच्याभोवतीचा न तुटलेला रंग, पाटीखालच्या रंगाची छटा हा सगळा पुरावाच असतो.

फोटो चार काढा. एक लांबून, पाटी विमानात कुठं आहे हे दिसेल असा. एक समोरून, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. उरलेले दोन अंधारात, टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून आडव्या उजेडात. एकदा डावीकडून, एकदा वरून. समोरच्या फ्लॅशमध्ये जी पाटी कोरी दिसते तिच्यावर आडव्या उजेडात आकडे उठून दिसतात. मोबाइलचा फ्लॅश बंदच ठेवा.

धूळ मऊ ब्रशनं काढा. तेलाचा थर असेल तर कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, एका कोपऱ्यावर करून बघून, मगच पुढं. थिनर नको, तो रकान्यांतला भरलेला रंग ओढून घेतो. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, सँडब्लास्टिंग नको. कॉस्टिक सोडा तर बिलकूल नको, अ‍ॅल्युमिनियम त्यात विरघळतं. आणि पितळेची पाटी दिसली की चिंच-मीठ किंवा पितांबरी घेऊन बसायची आपल्याकडची सवय इथं घातक आहे. तांब्या लखलखतो, पण पाटीवरचे उथळ ठसे आणि तपासनिसाचा शिक्का गुळगुळीत होतो. चकचकीत पाटीची किंमतही जाणकार कमी करतात.

मग ठसा घ्या. बटर पेपर घट्ट धरून २बी पेन्सिल आडवी, हलक्या हातानं फिरवा. ठशाचा कागद आणि फोटो शेजारी ठेवून वाचा. ३-८, १-७, ५-६, बी-८, झेड-२ आणि ०-ओ या जोड्या सर्वांत दगा देतात. खात्री नसेल तिथं प्रश्नचिन्हच लिहा. अंदाजानं भरलेला आकडा पुढच्या माणसाला खरा वाटतो आणि चुकीचा इतिहास तिथून सुरू होतो. दोघांनी वेगवेगळं वाचावं, मग ताडून पाहावं.

सुटी पाटी असेल आणि समोरची बाजू झिजली असेल तर ती उलटा. पातळ पत्र्यावर ठोकलेला आकडा मागं फुगवटा करतो. मागून घेतलेल्या फोटोची आरशासारखी उलटापालट केली की पुष्कळदा पूर्ण नंबर वाचता येतो. कानशीनं घासून घालवलेला नंबरही कधीकधी परत मिळतो. पंचाचा घाव दिसणाऱ्या खड्ड्याच्या खालपर्यंत धातू दाबतो आणि तो दाबलेला धातू आम्लात वेगळ्या वेगानं झिजतो. पण हे काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं. घरी आम्ल लावलंत तर एकदाच काहीतरी पुसट दिसेल आणि मग पाटी जाईल.

पितळेची पाटी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवलेली असेल आणि विमान उघड्यावर उभं असेल, तर आपल्याकडच्या पावसात पाटीखाली पांढरी भुकटी धरते. दोन धातू आणि मध्ये ओल आली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. पाटी शाबूत राहते आणि तिच्यामागचा पत्रा चाळण होतो. कडेनं भुकटी दिसली की फोटो काढून मग जाणकाराला दाखवा, तसंच राहू देऊ नका.

रंगाखालचे नंबर

उन्हात उभ्या विमानावर जुन्या नंबराच्या जागी रंग वेगळ्या वेगानं उडतो. सकाळच्या तिरक्या उन्हात शेपटीजवळ बघा, अक्षरांच्या कडा रंगाच्या थराखाली उंचवट्यासारख्या दिसतात. थर उघडायचेच असतील तर मालकाची लेखी परवानगी घ्या, आणि नंबराच्या अंदाजी जागी चार इंची एकच खिडकी करा. ओला पेपर, ६०० पासून सुरुवात, मग १०००, शेवटी १५००, प्रत्येक थराला थांबून फोटो. सगळी शेपटी घासली तर वाचायला काही उरत नाही. सुकं घासू नका: खालचा पिवळसर-हिरवा प्रायमर झिंक क्रोमेटचा असतो, त्याची धूळ फुफ्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरते. हातमोजे, चांगला मास्क, आणि खाली पडलेला गाळ गोळा करून वेगळा ठेवा.

धोक्याचं बोलतोय तर आणखी दोन. जुन्या मीटरांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग वापरत. चमक कधीच गेलेली असते, पण रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं. पाटीचा नंबर बघायला म्हणून मीटरची काच उघडू नका, तडकलेलं मीटर मुलांच्या खोलीत ठेवू नका. दुसरं, जेट विमानातली इजेक्शन सीट. तिच्यावरच्या पाट्या वाचायला आत वाकण्याआधी काडतुसं काढली आहेत, याचा कागद ताबेदाराकडं मागा. तोंडी ‘काढली असतील’ चालत नाही.

पाटी हातून हाती गेली की

अमेरिकेच्या नागरी विमान नियमांत उत्पादकाची पाटी आगीत टिकणारी हवी आणि ती परवानगीशिवाय काढणं, बदलणं किंवा दुसऱ्या विमानाला लावणं बंद आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान करारातही नोंदणी क्रमांकाची, आगीत टिकणारी पाटी मुख्य दाराजवळ लावायला सांगितलंय. कारण उघड आहे: अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, अपघाताच्या आगीत तेवढी उष्णता सहज होते, आणि मग ओळख पटवायला पाटीच राहत नाही. महायुद्धातल्या लष्करी पाट्या या नियमांच्या आधीच्या, बऱ्याच साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या.

म्हणूनच त्यांचा बाजार आहे. एका पाटीभोवती नव्या पत्र्याचं अख्खं विमान उभं करून त्याला जुना नंबर लावल्याची उदाहरणं जगभर आहेत, आणि अशा विमानाला मूळचं म्हणायचं की नाही यावर भांडणं होतात. आमच्या मते पाटीसोबत सांगाड्याचा एखादा मोठा, त्याच क्रमांकाचा भाग नसेल तर ते नवंच विमान. १९७० च्या दशकात भारतातून बरेच मोडके स्पिटफायर आणि टेम्पेस्ट ब्रिटनला गेले, त्यातले काही पुन्हा उडाले. त्यांच्या बाबतीत निदान भारतात उभे असतानाचे फोटो आणि इथला सीरियल हाताशी आहे.

घरी पाटी असेल तर तिच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा: कुणाकडून, कधी, कुठल्या तळावरून आली, घरातल्या कुणी कुठल्या युनिटमध्ये नोकरी केली. वडील किंवा आजोबा हयात असतील तर त्यांच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. लष्करी भंगार लिलावात घेतलेलं असेल तर लिलावाचा कागद आणि पावती फेकू नका. पाटी फोल्डरमध्ये ठेवायची असेल तर पीव्हीसीचं पाकीट नको, त्यातून निघणारं आम्ल धातू खातं. आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी घालून डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात पुडी बदला.

चौकातल्या किंवा कॉलेजातल्या विमानाला नवी पाटी बसवायची असेल तर उद्यमबागेत ती एका दिवसात बनते, आणि चांगली बनते. म्हणूनच काळजी घ्या. मागच्या बाजूला ‘प्रतिकृती’ आणि साल खोलवर ठोकून घ्या, रंगानं लिहू नका. मूळ पाटीच्या जागेवर ती बसवू नका, शेजारी बसवा. मूळ रिव्हेटची भोकं मोकळी राहू द्या.